ढालवालीचा ताबा

कवळीवाल्याच्या कारखान्याला कारखाना म्हणणं म्हणजे जरा जास्तच झालं. दोन खोल्या, एक लांब टेबल, भिंतीशी प्लास्टरच्या जबड्यांची रांग आणि सगळ्यावर बसलेली पांढरी धूळ. दातांचे डॉक्टर रुग्णांच्या तोंडाचे ठसे पाठवत, आणि हा त्यावरून साचे करून, मेणात दात रोवून, घासून-पुसून चकचकीत कवळ्या परत पाठवी. कामाला माणूस वाघ होता. बोलण्याचं म्हणाल तर सूचना सोडून दुसरं काही त्याच्या तोंडून सहसा निघत नसे. मेण फार तापवू नकोस. तो साचा नको, शेजारचा घे. खिडकी लाव, धूळ येते. वाईट नव्हता हो तो, आवाजही कधी चढवायचा नाही. पण त्याच्या शेजारी घटकाभर बसलं की आपला हात आपल्या मनाने हलवायचीही चोरी वाटायला लागे.

रविवारी दुपारी मात्र ते लांब टेबल ओल्या फडक्याने पुसलं जाई आणि त्यावर खेळ मांडला जाई. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर त्यात एकजण गोष्ट चालवतो आणि बाकीचे त्या गोष्टीतला एकेक वीर होतात. समोर दरी आली, राक्षस आला, की आपला वीर काय करतो ते ज्याने त्याने तोंडाने सांगायचं, आणि जमलं की फसलं ते फाशांनी ठरवायचं. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण मोठी माणसं त्यात अशी बुडतात की समोरचा चहा गार होतो.

इथे गोष्ट चालवायचे मास्तर. शाळेत जन्मभर भूगोल शिकवून निवृत्त झालेले, त्यामुळे खोट्या देशांचे नकाशेसुद्धा असे काढत की बघणाऱ्याने सामान बांधायला घ्यावं. कोपऱ्यावरचा बेकरीवाला चोर व्हायचा. खऱ्या आयुष्यात त्याने कुणाच्या पावाचा तुकडा चोरला नसेल, पण खेळात राजाची चड्डी सोडायचा नाही. आणि कवळीवाला होता मांत्रिक, मेलेल्यांना उठवणारा. उरलेल्या प्लास्टरचे त्याने बोटभर उंचीचे सांगाडे केले होते, आणि हौस एवढी की प्रत्येकाच्या जबड्यात दात कोरले होते. बायको चहा घेऊन आली की ती पलटण बघून म्हणायची, आठवडाभर दात आणि रविवारी हाडं, तुमचं काही खरं नाही.

मढी उठवण्याचे नियम कडक होते. एकदा उठलं की मढं मांत्रिकाचं. तो सांगेल तेवढंच करणार, सांगेल तसंच करणार, स्वतःचं डोकं म्हणून नाही. पण खेळात उजाडलं की दर सकाळी मांत्रिकाने ताब्याचा मंत्र नव्याने म्हणायचा. तो म्हणायचा राहिला तर ताबा सुटतो, आणि सुटलेलं मढं पहिल्यांदा आपल्या मांत्रिकावरच उलटतं. सुरुवातीला एकदा हा बाबा घाईत नुसतं 'माझ्या मागे या' म्हणाला आणि स्वतः दोराला लटकून नदीपलीकडे गेला. सांगाडे आज्ञेप्रमाणे सरळ मागे निघाले आणि सगळेच्या सगळे पाण्यात वाहून गेले. तेव्हापासून त्याने कानाला खडा लावला. मग त्याची आज्ञा म्हणजे अशी बारकाव्यांची लांबण, की बेकरीवाला म्हणे, तुझं सांगून होईस्तोवर माझी भट्टी तापून थंड होते. पण ताबा? तो एकदाही सुटला नाही. याचा त्याला फार अभिमान होता.

चौथी खेळाडू त्याची लेक. शिक्षण संपल्यावर ती कारखान्यात आली आणि तिथेच रमली, निदान तो तसं सांगत असे. दातांचे रंग जुळवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. एकदा दात पाहिला की पिवळसर छटा किती, राखाडी किती, हे ती पट्टी न लावता सांगायची. कामाच्या दिवशी तिच्या तोंडून 'बरं बाबा' याखेरीज फारसं काही येत नसे. पण रविवारी ती ढालवाली व्हायची, आणि ढालवालीला तोंड होतं. पुढे उभी राहून सगळ्यांचे घाव झेलायची आणि वर मांत्रिकाला सुनवायची, "मांत्रिकबुवा, तुमची हाडं आवरा, माझ्या पायात येतायत." टेबल हसून लोटपोट व्हायचं. कवळीवाला हसायचा नाही, पण त्याला ते इतकं आवडायचं की गुरुवारपासूनच तो रविवारची वाट बघायला लागे. लेक आपल्याशी भांडते, हे सुख त्याला आठवड्यातून एकदाच मिळत होतं. तसं त्याने तिला कधी बोलून दाखवलं नाही. तेवढं बोलता आलं असतं, तर ही गोष्ट घडलीच नसती.

तर झालं असं, की दूरच्या एका शहरात कृत्रिम डोळे बनवणारी कार्यशाळा होती. तिथल्या मुख्य बाईंनी कुठल्याशा डॉक्टरकडे लेकीच्या हातची कवळी पाहिली आणि तिला बोलावणं धाडलं. बुबुळं रंगवायला शिकायचं, राहायची सोयही तेच करणार. लेकीने ही बातमी जेवताना सांगितली, ताटातून नजर वर न उचलता. कवळीवाल्याने घास गिळला. मग म्हणाला, पुढच्या महिन्यात डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातून बरेच ठसे येणार आहेत. आणि मीठ मागितलं. बायकोने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि मिठाचं भांडं पुढे सरकवलं.

त्याने नको म्हटलं नाही. ही गोष्ट त्याने स्वतःला नंतर कितीदा तरी बजावली. जाऊ नकोस, असा शब्द माझ्या तोंडून निघालेला नाही. आणि ते खरंच होतं. लेकीनेही तो विषय पुन्हा काढला नाही. याने मनातल्या मनात समजूत करून घेतली, की पोरगी विचार करत असेल, ठरलं की सांगेल.

त्यानंतरच्या एका रविवारी ढालवाली मेली.

पूल होता, अरुंद, लाकडी. मागून शत्रूची फौज येत होती, आणि बाकीचे पलीकडे जाईस्तोवर कुणीतरी पूल अडवायला हवा होता. बेकरीवाल्याचा चोर केव्हाच पलीकडे पोचला होता, पळण्यात त्याचा हातखंडाच. मांत्रिकाने सांगाड्यांसाठी आज्ञा जुळवायला घेतली होती, तेवढ्यात लेक म्हणाली, मी थांबते. तू मागे ये, अडवायला सांगाडे आहेत, असं तो सांगायला लागला. तिने ऐकलं नाही. फासे टाकत राहिली, घाव झेलत राहिली, आणि शेवटी मास्तरांनी चष्मा काढून सांगितलं की ढालवाली पडली, पण पूलही तिच्याबरोबर कोसळला आणि तुम्ही सगळे वाचलात. लेकीचा चेहरा असा उजळला होता की बेकरीवाल्याने टाळ्या वाजवल्या.

त्या टेबलाची एक रीत होती. ज्याचा वीर मेला, त्याला शेवटचा शब्द. तो बोलेल तेव्हा मधे कुणी बोलायचं नाही. मग त्याने आपल्या वीराचा कागद टेबलावर पालथा घालायचा, की संपलं. पुढच्या रविवारी नवा वीर घेऊन यायचं की यायचंच नाही, ते ज्याचं त्याने बघायचं.

लेक उभी राहिली. म्हणाली, "मी माझ्या मनाने थांबले होते. मला कुणी सांगितलं नव्हतं. आता मी जाते."

आणि तिने कागदाला हात घातला.

"थांब, पालथा घालू नकोस," कवळीवाला म्हणाला. "मी तिला उठवतो."

का म्हणाला? विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं की पुढे किल्ला आहे, पुढे उभं राहणारं कुणी नाही, आणि पडलेल्या वीराचं अंग सांगाड्यांपेक्षा दणकट. हिशेब बरोबर होता. पण खरं कारण निराळं होतं. तिचं 'आता मी जाते' त्याने ऐकलं. कागद पालथा झाला तर रविवार गेला, आणि रविवार गेला तर आपल्याकडे उरलं काय, असं त्याला वाटलं. तो घाबरला होता. घाबरल्यावर जे त्याला येत होतं तेच त्याने केलं, आणि वर समजला की आपण लेकीचा मान राखतोय.

मास्तरांनी सावकाश चष्मा परत चढवला. नियमात बसतं, ते म्हणाले, पण मग ढालवाली मांत्रिकाची होईल, तिची राहणार नाही. त्यांनी लेकीला विचारलं, चालेल का. लेकीने एकवार बापाकडे पाहिलं आणि कागद त्याच्यासमोर सरकवला.

"बाबा म्हणतील तसं," ती म्हणाली.

बेकरीवाला हसला. त्याला ती ढालवालीची थट्टा वाटली.

लेक येत राहिली. नवा वीर घेतला नाही, त्याच खुर्चीवर बसून ढालवालीच्या मढ्याची बोलणी बोलायला लागली. मांत्रिक सांगे, पुढे जा, दाराला हात लावू नकोस, फक्त कान लाव. लेक म्हणे, "कान लावला." ऐकू येतंय का, असं त्याने विचारलं की म्हणे, "ऐकायला सांगितलं नव्हतं." पहिल्या रविवारी यावर खूप हशा पिकला. मढ्याचं सोंग पोरीने काय वठवलंय, असं बेकरीवाला दहादा म्हणाला. दुसऱ्या रविवारी जरा कमी हसला. नंतर नंतर तर ढालवालीची पाळी आली की तो बशीतली बिस्किटं मोडत बसायचा. किल्ला सर झाला. ढालवालीने एकटीने दरवाजा फोडला, सांगितलं तसा, सांगितलं तिथे. मांत्रिकाच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा विजय होता तो. मास्तरांनी तो वाचून दाखवावा तसा सांगितला आणि पटकन नकाशा गुंडाळला.

कवळीवाल्याला काहीतरी खुपत होतं, पण कुठे, ते सापडत नव्हतं. ते सापडलं भर कामाच्या दिवशी. लेक खिडकीशी बसून कवळीला पॉलिश करत होती. यंत्राची घरघर चालली होती. त्याने सांगितलं, ती राहू दे, आधी डॉक्टरीणबाईंचं घे. तिने यंत्र थांबवलं, हातातली कवळी खाली ठेवली, दुसरी उचलली.

"बरं बाबा," ती म्हणाली.

आणि त्याने वळून तिच्याकडे पाहिलं. हा तर ढालवालीच्या मढ्याचा आवाज. तसाच सपाट, तसाच आज्ञेपुरता. त्याला आधी वाटलं, पोरीने रविवारचा आवाज कामावर आणला. मग हातातला साचा तसाच धरून तो बराच वेळ उभा राहिला, कारण त्याला उलगडलं होतं की गाडी उलट्या दिशेने आली होती. हा आवाज मूळचा इथलाच, या खोलीतला. पोरगी कारखान्यात आली तेव्हापासूनचा. रविवारी तिने फक्त तो सगळ्यांसमोर बोलून दाखवला होता, आणि हा शहाणा त्यावर मनातल्या मनात खूश होत होता की पोरगी अजून खेळतेय आपल्याशी.

त्या संध्याकाळी त्याने बायकोला विचारलं, पोरगी हल्ली फार गप्प असते का. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

"हल्ली?" तिने विचारलं. मग हातातली घडी पुरी करून म्हणाली, "मेल्यावरही उठवलंत म्हणे तिला. तेव्हा तरी सोडायचं होतंत."

बायकोला खेळातलं ओ का ठो कळत नव्हतं. पण तिला बाकीचं सगळं कळत होतं, आणि आपल्याला फक्त खेळ कळतो, या विचाराने तो त्या रात्री कूस बदलत राहिला.

लेकीशी सरळ बोलायचं त्याने ठरवलं. ठरवलं म्हणजे रोज ठरवलं. सकाळी मेण वितळताना ठरवी, दुपारी साचे फोडताना ठरवी, आणि तोंड उघडलं की बाहेर पडे, दिवा जरा अलीकडे घे. मूग गिळून बसणारा माणूस निदान गप्प तरी असतो. याचं तसंही नव्हतं. याच्या तोंडाला सूचनांचं वळण लागलेलं, दुसरा शब्द त्या वाटेने यायलाच तयार नाही. मग त्याने ठरवलं, रविवारी करू. खेळात करू. तिथली भाषा आपल्याला येते आणि तिलाही येते. तिला कळेल.

रविवारी सगळे बसले. मास्तरांनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. उजाडलं आहे, धुकं आहे, मांत्रिक आपला ताबा घेतो का. या प्रश्नाला तो नेहमी एकाच शब्दात उत्तर देई, आणि तोवर मास्तरांची नजर नकाशावर गेलेलीही असे.

"सांगाड्यांचा घेतो," कवळीवाला म्हणाला. "ढालवालीचा नाही."

बेकरीवाल्याने चहाचा कप खाली ठेवला. मास्तरांनी विचारलं, विसरलात असं धरायचं का.

"विसरलो नाही. सोडतोय."

त्याने ढालवालीचा कागद उचलला आणि लेकीसमोर ठेवला. वर फासेही ठेवले. मांत्रिकाच्या अंगात बळ असं कधी नव्हतंच, दणकट मढ्याचा एक घाव त्याला पुरे होता, आणि हे टेबलावर सगळ्यांना ठाऊक होतं. कवळीवाला वाट बघत बसला. खरं सांगायचं तर त्याला तो घाव हवा होता. तिने मुठीत फासे खुळखुळवावेत, ढालवालीच्या जुन्या तोंडाने चार शब्द सुनवावेत, आणि मांत्रिकाचं डोकं उडवावं. त्याने आनंदाने स्वतःचा कागद पालथा घातला असता. शेवटचा शब्दही त्याने तयार ठेवला होता. जेवतानाची ती गोष्ट मी ऐकली होती, पोरी. जा.

"ताबा सुटला," मास्तर लेकीला म्हणाले. "आता ढालवाली तुझी. नियमाप्रमाणे ती मांत्रिकावर उलटायला हवी, पण मी ते सांगणार नाही. तू सांग."

लेकीने फासे उचलले. मुठीत धरले. मग हळूच परत टेबलावर ठेवले, आवाज न करता.

"ती उभी आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?" बेकरीवाल्याने विचारलं.

"म्हणजे उभी आहे. ताबा सुटला हे तिला कळलेलं नाही."

कवळीवाल्याने तयार ठेवलेला शेवटचा शब्द वाया जाणार होता, कारण तो मेल्यावर म्हणायचा होता आणि त्याला कुणी मारलंच नव्हतं. शेवटी त्याने तो तसाच, जिवंतपणी, ओबडधोबड बाहेर काढला. म्हणाला, त्या डोळेवाल्या बाईंकडे तू जा. साच्यांचं मी बघतो. मी अडवलेलं नाही तुला.

"मी त्यांना नाही म्हणून कळवलं, बाबा," लेक म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. "त्याच आठवड्यात. त्यांनी दुसरी मुलगी घेतली."

"पण मी तर काही बोललोसुद्धा नव्हतो."

"बोलावं कुठं लागतं?"

बेकरीवाला उठून खिडकीशी गेला आणि बाहेर बघण्यासारखं काही नसताना बाहेर बघत उभा राहिला. कवळीवाल्याने टेबलावरच्या आपल्या हातांकडे पाहिलं. या हातांनी त्याने किती तोंडं बोलती केली होती, त्याची गणती नव्हती. समोरचं एक तोंड आपण बंद करत आलो, तेही न रागावता, न ओरडता, रोज सकाळी थोडं थोडं, हे त्याला आता कळत होतं. कळून उपयोग नव्हता. त्याला लेकीची माफी मागायची होती, पण मला माफ कर हीसुद्धा त्याच्या तोंडून आज्ञाच झाली असती, आणि ती तिने लगेच पाळली असती.

मास्तर बिचारे शिक्षक माणूस, वर्गात शांतता फार वेळ टिकली की त्यांना करमत नसे. ते हळूच म्हणाले, धुकं निवळतंय. समोर रस्ता फुटतो, एक डावीकडे जातो, एक उजवीकडे. ढालवालीच्या अंगावर आता कुणाचा मंत्र नाही. ती काय करते?

लेकीने नकाशाकडे पाहिलं. डाव्या रस्त्यावर बोट ठेवलं, ते उचललं, उजव्या रस्त्यावर ठेवलं. बराच वेळ ती तशीच बसली होती, अवघड गणित घातलेल्या पोरासारखी. मग सवयीनेच तिची नजर बापाकडे वळली.

"सांगा ना, बाबा," ती म्हणाली. "काय करू?"